किल्ली

जालन्याच्या एमआयडीसीत
भट्टीत जाणाऱ्या भंगाराची रांग रात्रभर हलते.
मी क्रेनवर असतो.
चुंबक खाली सोडायचं, उचलायचं, लाल तोंडात टाकायचं.
कुणाचं दार, कुणाचं चाक, विचारायचं नसतं.

त्या रात्री विचारलं.
पुढून चेपलेली स्विफ्ट, डिझेल,
इंजिन मात्र शाबूत, तेराशेचं,
कुशीला टर्बोची गोगलगाय.
पातं बोटानं फिरवलं तर
बोट काढल्यावरही फिरत राहिलं.
भंगारवाल्यानं माझं तोंड वाचलं.
म्हणाला, हे किलोवर नाही. अडतीस हजार.

घरी फियाट, सत्त्याऐंशी सालची,
दोन वर्षं विटांवर.
काचा लावून आत बायको शेवया वाळवते,
धूळ बसत नाही म्हणून.
सत्तार मिस्त्री तिच्या बॉनेटवर पान ठेवून बोलला,
"स्विफ्ट का वो इंजन बी फियाट का ही है रे.
घर का बच्चा घर कू आया तो क्या बिगडा?"
एवढ्यावर मी फसलो.

बियाणे कंपनीची फुकटची डायरी,
तिच्यात कापूस-सोयाबीनच्या चित्रांखाली माझा हिशेब.
जुनं इंजिन गेलं साडेचार हजाराला.
आडवं इंजिन उभं करायचं
तर गिअरबॉक्सच्या मधे एक तबकडी लागते,
केसाचा फरक चालत नाही तिथं,
टर्नरनं तीनदा कातली, पैसे दोनदाच घेतले.
रेडिएटर छोटा हत्तीचा,
खालचे रबर ट्रॅक्टरचे,
इंटरकूलर मावेना म्हणून जाळी कापली,
आता गाडी दात पडल्यासारखी हसते.
भिशीचे नऊ हजार डायरीत नाहीत.
ते बायको रोज तोंडी लिहिते.

सहा महिन्यांनी स्टार्टर मारला.
फिरतंय, फिरतंय, पकडत नाही.
तारेनं बांधलेल्या मीटरवर
किल्लीचं एक लाल चित्र उघडझाप करतंय.
वायरिंगचं पोरगं म्हणालं,
"काका, त्याला त्याची किल्ली पायजे.
किल्लीच्या पोटात चिप असती.
वळखल्याबिगर ते डिझेल सोडत नाही."
संभाजीनगरचा एक जण ओळख पुसून देतो,
सात हजार घेतो.
डायरीत अकराशे उरले होते.

आणि खरं सांगू,
पुसायचं कामून, असंही वाटलं.

नंबर प्लेटवरून माग काढत वाटूरला गेलो.
जनावरांचे डॉक्टर, पांगरकर.
डावा पाय वाकत नाही,
तो बाजूला लांब काढून
म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात.
"थांबा जरा," म्हणाले, "आधी हे येऊ द्या."
आलं. ओलं, काळं, पाय दुमडलेलं.
मग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा,
आणि घरातून किल्ली आणली,
तिला एक चेपकं घुंगरू.
"विमावाल्यांना एक दिली. ही राहिली.
फेकायला हात झाला नाही."

पैशाचं विचारलं तर म्हशीकडं बघत राहिले.
"चालू झालं की फोन लावा.
बोलू नका काही.
नुसता इंजिनाजवळ धरा."

किल्ली फिरवली. लाल चित्र विझलं.
आधी धूर, मग खोकला,
मग सगळ्या गल्लीत एकच खडखड,
शेजारच्या जिजाबाई दारात आल्या, हातात पीठ.
पाण्याची नळी गळत होती.
आरटीओची पायरी अजून चढायचीच होती.
बायको मागच्या सीटवर
शेवयांचं सूप मांडीत घेऊन बसून होती,
उतर म्हटलं तर उतरेना.

मी फोन धरला.
एक्सलेटर दाबला, दोन हजारावर
टर्बोनं बारीक शिट्टी घातली.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
फक्त एक वासरू हंबरलं.
मग डॉक्टर म्हणाले,
"थंडीत सकाळी पहिल्यांदा कण्हतंय ते.
घाबरू नका.
ते पहिल्यापासूनच आहे."