पाय

मुरारमध्ये डिसेंबरचं धुकं कुंपणाला टेकलं
की कर्नल खानविलकर मोजे काढायला लावतात.
आधी मला, मग दूधवाल्या रामसेवकला,
गजक विकायला आलेल्या पोरालासुद्धा.

बोटं दाबून बघतात. रंग परततो का, ते.

त्या खिंडीत रोज रात्री
बत्तीस जणांचे पाय घेतले होते मांडीवर;
हल्ल्याचा हुकूम मात्र एका वाक्यात,
तोही घसा बसलेला.

शिखर मिळालं. त्याचं नाव ते घेत नाहीत.
घेतात ते नाईक शेडगेचं,
ज्यानं एका रात्री बूट काढले नव्हते:
"ठीक आहेत साहेब, उद्या बघा."
आणि साहेबही दमलेले.

गजकवाल्या पोराला गुदगुल्या होतात, तो खुदकन हसतो.
कर्नल त्याची करंगळी सोडत नाहीत.