गुरुवारी ती घरी नसते

रोपवाटिकेत मिळणारे हॉप पायलीला पन्नास.
काळ्या कुंडीत, गळ्यात चिठ्ठी अडकवलेले,
एकाला आंब्याचा वास, एकाला पपनसाचा.
मला ते नको होते.
मला हवा होता याच फ्योर्डच्या काठचा,
कुणाच्या तरी गोठ्यामागे आपोआप उरलेला,
ज्याचा कडूपणा जिभेवर घेतलेली माणसं
आता चर्चच्या आवारात एका ओळीत झोपलीत.

मी बस चालवतो. सात वर्षं
काचेतून कुंपणं वाचत गेलो.
हिरवं काही वळताना दिसलं की पाय ब्रेकवर,
आणि मागून कुणीतरी, "सिगब्योर्न, पुन्हा तुझा वेल का?"
एकदा निघाली रानवेल. दोनदा निघाला नर.
नर हॉप म्हणजे नुसता परागाचा धुरळा, बोंड नाही;
घरी बियर करणाऱ्याला त्याचा उपयोग
वरातीत नाचणाऱ्याचा संसाराला असतो तेवढाच.

शेवटी टॉर्लाइफ बोलला. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
त्याला प्रत्येक घराची मागची बाजू पाठ.
"गुडवेइगच्या गोठ्यामागे बघ. पण जपून."

गुडवेइग एक्क्याऐंशीची. विळा हातातच होता.
"बापाने प्रार्थनाघरात शपथ घेतली,
तांब्याचा हंडा फ्योर्डात बुडवला
आणि ह्याच्या मुळावर कुदळ घातली.
मे महिन्यात हा पुन्हा वर.
बाप गेला, विळा माझ्याकडे आला.
दर आठवड्याला कापते. बासष्ट वर्षं झाली."

मी वाकून पाहिलं.
जांभळट कोंब, टोकं छाटलेली,
तरी एकूणएक उजवीकडे वळलेला,
भिंत कुठे आहे हे ठाऊक असल्यासारखा.
सुंभ कधीच जळून गेला होता. पीळ तिथेच.

"किती पैसे?" मी विचारलं.
तिने असं पाहिलं की मी टोपी काढली.
"या घरातून दारूसाठी काडी जाणार नाही. बापाला शब्द दिलाय."
कॉफी मात्र दिली, दोन कप, वर तपकिरी चीज.
आणि मी निघताना, पाठ वळवून,
कोंबड्यांना सांगावं तसं:
"गुरुवारी मी गुडघा दाखवायला गावात जाते.
साडेनऊची बस. तुला माहीतच आहे, तूच नेतोस."

त्या गुरुवारी मी रजा टाकली.
बदली ड्रायव्हर नंतर म्हणाला,
म्हातारी पहिल्या सीटवर बसली होती,
रस्ताभर डोळे मिटून.

गोठ्यामागे कुदळ भिंतीला टेकलेली. धार पुसलेली.
शेजारी ओलं गोणपाट, घडी घालून.
कुणी ठेवलं, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.
वीतभर मुळी घेतली, तीन डोळ्यांची.
माती परत दाबली, अंगठ्याने,
चोरी केल्यासारखी आणि पेरल्यासारखीही.

पहिल्या वर्षी कमरेपर्यंत.
दुसऱ्या वर्षी छपरापर्यंत, आणि एक बोंड नाही.
रात्री टॉर्च घेऊन उभा राहायचो:
नर की मादी? सांग ना बाबा. की बाई?
तिसऱ्या ऑगस्टात तिने सांगितलं.
बोंड चुरडलं तर बोटांना पिवळी पूड,
ओलं गवत, संत्र्याची साल,
आणि मागे कुठेतरी बंद कपाट.

बियरचं विचारू नका.
पहिली खेप आंबट झाली, दुसरी बाटल्यांसकट छताला लागली.
तिसरी टॉर्लाइफ प्याला आणि बराच वेळ गप्प बसला.
त्याच्याकडून ही स्तुतीच.

गुडवेइगसाठी उशी भरली,
नुसती वाळकी बोंडं, सुती अभ्रा.
तिने दाबली. करकरली. नाकाशी धरली.
"आईची अशीच होती. बापाने तीही जाळली," म्हणाली,
आणि उशी काखेत घेऊन आत गेली, दार न लावता.

अजून कापते ती, दर बुधवारी. शब्द म्हणजे शब्द.
फक्त कोपऱ्यातला एक कोंब राहून जातो,
तिथवर गुडघा वाकत नाही, म्हणते.
यंदा तो पत्र्याला टेकलाय.