एक फेज गेलेली रात्र

भाचीनं दिवाळीत लॅपटॉपवर चढवून दिला हा खेळ.
म्हणाली, मामा, यात तुझंच काम आहे,
जनरेटरला डिझेल घाल, दिवा विझू देऊ नकोस.
म्हटलं, मग पगार कोण देणार?

आता जानेवारी. गेंडेवाली सडकेवरचं धुकं
समोरच्या शितोळ्यांचं गेट गिळून बसलंय.
घर रजईत. मी मफलरवरून हेडफोन लावलेला,
आणि पुढ्यात रान, मैलोन्‌मैल,
कुठेच भिंत नाही.
कुठेही जा, म्हणतो हा खेळ.
भीती तिथूनच सुरू होते.
आजवर आपल्याला कुणी असं म्हटलं नव्हतं.

पिशवीला आठच खण.
काडेपेटी, पट्ट्या, डबाबंद मासे, तीन काडतुसं,
आणि एक चावी, जिचं कुलूप अजून भेटलेलं नाही.
डिझेलचा कॅन उचलायचा तर काहीतरी टाका.
चावी टाकवेना.
मासे टाकले. जन्माचा शाकाहारी मी,
तरी मागे वळून पाहिलं त्या डब्याकडे.

रानात जे आहे ते मी पाहिलेलं नाही.
बेचाळीस तास झाले.
अकरा वेळा मेलो: बहुतेकदा थंडीनं, भुकेनं,
एकदा भलतीच अळंबी खाऊन,
एकदा शिडीवरून, नुसत्या घाईनं.
त्यानं एकदाही हात लावला नाही.
मी थांबलो की ते थांबतं,
एक पाऊल उशिरा,
इतकंच.

पावणेदोन. झोपडी दिसायला लागली होती
आणि लाइट गेली.
खेळातली नव्हे. लष्करची.
लॅपटॉपची बॅटरी गेल्या वर्षीच वारलेली.
काळ्या काचेत माकडटोपीतला कोणीतरी
माझ्याकडे बघत होता. ओळखायला वेळ लागला.

फोन. साहब, लाइट कब आएगी?
काम चल रहा है, मी म्हणालो.
सव्वीस वर्षं हेच म्हणतोय, पायजम्यातून, अंधारातून.
सुमेधानं कूस बदलत विचारलं, आली का?
म्हटलं, आणायला चाललोय.

जिन्सी नाल्याच्या डीपीपाशी रामसेवक कुशवाह
शिडी घेऊन उभाच. एक फेज उड़ा है साहब.
तो चढला. पाचव्या पायरीवर त्याचं डोकं गेलं धुक्यात,
सातव्यावर कंबर,
मग नुसते बूट,
मग तेही नाहीत.
खाली मी, हातात टॉर्च,
पाठीमागे पावलं.
मी हललो की हलत होती.
थांबलो की थांबत होती,
एक उशिरा.

खिसे चाचपले. टेस्टर, किल्ल्या, बडीशेपची पुडी.
काडतुसं शून्य.
वळलो नाही. खेळानं तेवढं शिकवलंय,
वळण्यात दम जातो.
रामसेवक, मी हाक मारली.
वर काहीच नाही.
रामसेवक!
बऱ्याच वेळानं, जणू दुसऱ्या तालुक्यातून,
हो गया साहब.

आणि सगळी सडक पिवळी झाली.
मागे गाय असावी, खुंटा तोडून आलेली.
असावी म्हणतो, कारण मी वळलो तेव्हा
रस्त्यावर दोर होता, ओला,
आणि त्याचं दुसरं टोक धुक्यात.
चहा पियोगे? रामसेवकनं विचारलं.
मी दोराकडे पाहत हो म्हणालो.

घरी आलो, तीन वाजून गेलेले.
खेळ सुरू झाला जुन्याच जागेवरून,
दोन तास मागे. कॅन अजून उचललेला नाही.
मासे परत आलेले पिशवीत.
दिवा भरलेला, दाराला आडणा,
ठरवलं, आज बाहेर पडायचं नाही, बसून राहायचं उजाडेपर्यंत.

तेवढ्यात टेकडीपलीकडे, लांब,
आजवर न दिसलेली एक खिडकी
फडफडली आणि विझली.
नकाशावर तिथे कसलंच नाव नाही.
तिथून फोन येण्याचीही सोय नाही.

मासे काढून फळीवर ठेवले. कॅन घेतला.
बूट चढवले, खेळातले,
आणि मग, फरशी फारच गार लागत होती म्हणून,
खरेसुद्धा.