नऊ घोडे

रुझारच्या डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीचं इंजिन
मी घेतलं बावीस हजारांना, वापरलेलं,
नऊ पूर्णांक नऊ घोड्यांचं.
झाकणाचा निळा रंग उन्हाने पांढुरका,
पण दोरी ओढली की दुसऱ्या झटक्याला हजर.
बाबा म्हणाले, एवढे घोडे बांधणार कुठे?

आमची होडी अठरा फुटी.
तळाला एकच आंब्याचं खोड, वर दोन फळ्या
काथ्याने शिवलेल्या. खिळा औषधालाही नाही.
शिवणीला दरवर्षी काजूच्या टरफलांचं काळं तेल,
हाताची कातडी जाते त्याने, आईची गेलीय.
होडीला नाव नाही, फक्त नंबर.
तेरेखोलच्या मुखाशी चाळीस वर्षं
ती एका वल्ह्यांचंच ऐकत आली.

पहिल्या दिवशी केरीच्या धक्क्यावरून निघालो.
मी मूठ पिळली मात्र,
नाळ उभी राहून आभाळ हुंगायला लागली
आणि मागून नदी आत आली,
न विचारता, चपला न काढता.
बाबा करवंटीने पाणी उपसत राहिले.
बोलले काहीच नाहीत.
तेच जास्त लागलं.

रविवारी शापोऱ्याहून कायतान आला,
मिस आटोपून, इस्त्रीच्या शर्टातच.
इंजिनाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.
चिखलात गुडघे टेकून
होडीच्या पोटाखाली हात फिरवला,
मग मागच्या फळीवर वीत टाकली:
एक, दुसरी नाही पुरती, चार बोटं कमी.
"आखूड दांडा लागेल, बाय. आणि हलका.
ही शिवलेली आहे. नऊ घोडे
हिचे टाके उसवतील."

धक्क्यावर कुणीतरी पत्रिका जुळवण्याचा विनोद केला.
कायतान हसला नाही.
"लग्नात माणसं सांभाळून घेतात," तो म्हणाला.
"लाकूड घेत नाही."

पुढच्या रविवारी त्याने पाच घोड्यांचं आणलं.
दांडा लांब निघाला. ओहोटीला
पंख्याने वाळूच्या पट्ट्यात तिसऱ्यांची शेती नांगरली,
पिन तुटली, आम्ही वल्हवत परत.

मग साडेतीन घोड्यांचं.
मला एकटीला उचलवेल एवढं,
पंखा कमी पिळाचा, "ओढायचं आहे, धावायचं नाही."
पंख्यावरची आडवी पट्टी
तळाच्या रेषेखाली बोटभर, जास्त नाही.
वर राहिली तर हवा गिळून किंचाळतं,
खाली गेली तर नदीच ओढत बसतं.
फळी त्याने दोनदा तासली. दुसऱ्यांदा तर
मला वाटतं, नुसतीच मनाच्या समाधानासाठी.

शेवटी त्याने बाबांना उचललं,
म्हणजे उठायला सांगितलं, आणि पुढे बसवलं, नाळेशी.
जाळं मधे, मी मागे, मूठ माझ्या हातात.
"वजन म्हणजे काय नुसतं इंजिन?"

होडी उठली नाही, उडाली नाही.
पुढे गेली, इतकंच.
वल्हवणारा माणूस पाठ करून जातो.
चाळीस वर्षं बाबांनी
केरी लहान लहान होताना पाहिली होती,
सुरूची झाडं, वरचा पांढरा क्रूस, आमचं कौल.
आज तेरेखोलचा किल्ला
त्यांच्याकडे तोंड करून येत होता.
मला फक्त त्यांची मान दिसत होती, मागून.
मध्येच एकदा त्यांचे हात
मांडीवर आपोआप मिटले, मागे ओढले गेले,
आणि रिकामेच थांबले.

रुझार इंजिन परत घेत नाही म्हणतो.
ते आता अंगणात, पाण्याने भरलेल्या पिंपाला अडकवलंय.
गंजू नये म्हणून आई दर शुक्रवारी चालू करते,
काळ्या पडलेल्या बोटांनी दोरी ओढून.
पिंप घुसळतं, धूर होतो, कोंबड्या कुंपणापार,
आणि बाबा पडवीतून ओरडून विचारतात,
पोचलीस काय गो कुठे?