हद्द

अर्ज मीच टाइप केला.
मौजा बिंत राशिद यांना लिहिता येत नाही,
त्या सांगतात, आणि मधेच
खजुराची बी गालात फिरवत थांबतात.

अर्ज, हक्क, मालक, हद्द :
बरक्याला आलो तेव्हा
हे शब्द मी घरूनच आणले होते.
उच्चार तेवढा घशात खाली उतरवावा लागला.

मौजाबाईंचा हक्क साधा आहे.
भिंतीच्या आत, फळ पिकल्यापासून उतरेपर्यंत
पिंजरा लावता येईल, जाळं टाकता येईल.
विष नाही. बंदूक नाही.
पालिकेचा माणूस येईल, मोजेल, घेऊन जाईल.
आणि भिंतीपलीकडचा तो गाफ,
ज्यावर संध्याकाळी सगळा थवा भांडत उतरतो,
तो शेजारच्या सुलैमचा.
त्याच्या फांदीला हात लावायचा नाही.

एक रकाना होता :
पक्षी कोणता, मूळचा कुठला.
साळुंकी, मी मनात म्हटलं.
बोटं थांबलेली बघून मौजाबाई हसल्या.
"लिही की. तुला ठाऊक आहे."

यंदा खलासचे एकशे दहा घड.
कापडी पिशव्या बांधूनही अर्धे टोचलेले.
एका खजुराला एकच चोच, मग पुढचा.
संपवत नाहीत,
हे त्यांना फार लागतं.

तेराव्या दिवशी पालिकेचा बद्र आला.
पोरगेलासा, हातात मोजायचं यंत्र,
पिंजऱ्या-पिंजऱ्यापाशी टिक, टिक.
अडतिसावर अंगठा थांबला.
कोपऱ्यातली एक, शेपूट झडलेली,
मान वाकडी करून स्वच्छ म्हणाली :
"कुंदा, ऐकतेस ना? कुंदा?"

दर गुरुवारी उन्हं कलली की
मी पंपाच्या कट्ट्यावर बसतो, रेंज तिथेच येते.
ते माझंच वाक्य होतं,
माझ्यासारखंच शेवटच्या अक्षरावर चढणारं.

"कुठली भाषा ही?" बद्रने विचारलं.
मौजाबाईंनी बी थुंकली, बोलल्या काही नाहीत.
मी म्हटलं, पक्षी काय, काहीही बोलतात.

टिक.
एकोणचाळीस.
पावतीवर साक्षीदार म्हणून सही माझी.

त्या गुरुवारी फोन केला
तो पंपाच्या खोलीत, दार लावून,
मोटर चालू ठेवून.
कुंदा म्हणाली, काही ऐकू येत नाही हो,
जरा मोठ्याने बोला.