आरशाचा आणि बिनआरशाचा

रावपुऱ्यात, टपाल कचेरीसमोरच्या दुकानात
काचेवर हिरवं मखमल अंथरून
नलिनभाईंनी दोघांना शेजारी शेजारी ठेवलं,
स्थळं दाखवावीत तसं.
"मृदुलाबेन, आ जुओ. ह्याच्यात आरसा आहे,
त्याच्यात नाही."
बडोद्यात मराठी अशी अर्ध्या वाटेवर येऊन भेटते,
उरलेली आपण चालत जायची.

आरशाचा जड. मूठ खोल,
इस्त्री धरावी तशी धरायची.
बटण दाबलं की आत दार लोटल्यासारखं होतं,
टपाक,
आणि तेवढ्यापुरतं डोळ्याला काहीच दिसत नाही.
"म्हणजे फोटो निघतो नेमकी तेव्हाच मी आंधळी?"
"एटलुंज," नलिनभाई म्हणाले, "पापणीएवढी."

बिनआरशाचा हलका.
फोटो कसा येणार ते निघण्याआधीच दाखवून टाकतो,
आमच्या ऑफिसातला सोनटक्के
विनोदाचा शेवट आधी सांगतो तसा.
बॅटरी दुपारपर्यंत.
आवाज नाही, मुळीच नाही.
निघाला का? निघाला.
कधी?

पर्समध्ये भिशीचे एक्केचाळीस हजार होते
आणि मनात एक मगर.
काळ्या घोड्याच्या पुलावरून
सव्वीस वर्षं वीज कंपनीत जाते आहे मी.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात ती तोंड उघडून पडलेली,
घ्या दात मोजून, म्हणत.
"ह्या लेन्सनं मगर येईल?"
"येईल ने. राजगिऱ्याएवढी."
मोठी लेन्स हवी तर पुन्हा तेवढेच पैसे.
कंपनीतर्फे बसलेला टायवाला हिंदीत समजावत होता,
अच्छा है, मगर. सस्ता है, मगर.
मला हसू आलं, त्याला कळेना का.

शेवटी म्हटलं, दोघांनी एकच फोटो काढू.
एकच खिडकी, एकच उजेड, एकच माणूस.
माणूस म्हणजे केवल,
पादऱ्याहून रोज येणारा दुकानातला मुलगा.
कपाटापाशी उभा राहिला, खांदे ताठ,
रेशन कार्डावर असावा तसा.
टपाक.
मग कॅमेरा बदलला, पट्टा बांगडीत अडकला,
चष्मा कपाळावर सरकवला, दुसरा काढला.
दोघांची घड्याळं जुळत असतील तर
मध्ये अकरा सेकंद.

नलिनभाईंनी कार्डं रात्रीपुरती दिली.
घरी कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो मोठे केले,
आणखी मोठे, भुवईचा केसन्‌केस दिसेपर्यंत.
रंग इकडे जरा पिवळा, तिकडे जरा आजारी.
मग दिसलं, दुसऱ्यातला केवल पहिल्यातला नाहीच.
टपाक ऐकून त्याला वाटलं असणार, झालं.
खांदे उतरलेले,
नजर माझ्या मागे रस्त्यावर,
कुणालातरी ओळख द्यावी की नाही
अशी घोटाळलेली.
श्रीपादनं मागून वाकून पाहिलं.
"दुसरा घे. त्यात मुलगा चांगला आलाय."
"मी कॅमेऱ्याचं विचारते आहे."
"मीही."

मी आरशाचा घेतला.
का, ते नलिनभाईंना नीट सांगता आलं नाही.
ज्याचा काढला
त्याला ऐकू यावं, एवढंच सुचलं.
ते म्हणाले, बॅगवर दीडशे कमी करतो.

केवलला दोन्ही छापून नेऊन दिले.
ताठ उभा असलेला त्यानं खिशात घातला.
दुसरा बराच वेळ पाहिला आणि परत केला.
"आ हुं नथी, बेन."
भिशीच्या वहीत ठेवला आहे.

रविवारी पुलावर गेले.
ती होती तिथेच, तोंड उघडून.
कठड्यावर कोपर टेकवला, श्वास धरला, टपाक.
राजगिऱ्याएवढी आली आहे,
श्रीपाद म्हणतो, ओंडका आहे.
तिनं मान वळवली असं शेजारचा भेळवाला म्हणाला.
असेल.
मला दिसलं नाही,
तेव्हा आरसा वर होता.