मीठ थांबत नाही

वडगावात, मागांच्या गल्लीत
कोण आजारी पडलं ते ऐकूच येत नाही.
सकाळपासून खटक् खटक्,
आणि मागाखाली, तेलकट फरशीवर
आमचा कवड्या.

श्रावणात पहिल्यांदा कोसळला.
मागचे पाय जसे दुसऱ्या कुणाचे.
शेजारी म्हणाला, विष घातलं असणार कुणीतरी.
दोन बाटल्या सलाईन,
संध्याकाळी शेपूट हलवत घरी.
गणपतीत परत. तेव्हा गोचीडताप.
दिवाळीनंतर परत. तेव्हा लिव्हर.
सावक्का म्हणाली, नाटकं करतंय मेलं,
तुम्ही गावाला गेलासा की पडतंय.

टिळकवाडीत, रेल्वेगेटाच्या अलीकडे
डॉक्टर गिरिजा पट्टणशेट्टी.
पाटी कन्नडात, मला अजून वाचता येत नाही,
पण खाली एक मांजर काढलंय, रागीट.
बाकावर एक बाई, टोपलीत बोका, साखरेचा.
कानाच्या कडेला टोचून थेंब कसा काढायचा
ते तिनं मला न विचारता दाखवलं.
"ह्यांना टोचायला गेले तर पळतात," म्हणाली,
"हा बसतो."

डॉक्टरनं आधी कवड्याला हातच लावला नाही.
वही उघडली.
कधी पडला, किती वाजता, आदल्या दिवशी काय झालं,
पाणी किती पितो, उलटी कधी.
मी म्हटलं, आठवत नाही.
म्हणाली, "मग आठवा की."
अर्धा तास गेला. तीन फायली, तीन अक्षरं, तीन आजार.
"सलाईननं उठतो? दर वेळी?"
पेन थांबलं.

मग त्याच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवून
ती घड्याळाकडे बघत राहिली.
पडलेल्या कुत्र्याची नाडी धावायला पाहिजे, म्हणाली,
ही रमतगमत चाललीय.

रक्त. मग एक सुई. मग एक तास. मग परत रक्त.
त्या तासात दोन मालगाड्या गेल्या,
फाटकापाशी लोक तेवढेच वैतागले
जेवढे रोज वैतागतात.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर शेंगदाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात.
ह्याच्या काम करत नाहीत.
अंगात मीठ थांबत नाही बगा ह्याच्या.
उप्पु. खातो, निघून जातं."

मला हसू आलं, अर्ध्यात अडकलं.
जन्मभर ऐकत आलो,
कुत्रं खाल्ल्या मिठाला जागतं.
हा तर जागतच होता,
मीठच राहत नव्हतं.

आणि तुम्ही गावाला जाता तेव्हा,
ती पुढे सांगत होती, त्याला धसका बसतो,
धसक्याला लागतं ते अंगात शिल्लकच नसतं.
म्हणजे सावक्का खोटं बोलली नव्हती.
वहीत लिहिण्यासारखं तेवढं एकच वाक्य
आमच्या घरात बोललं गेलं होतं,
आणि ती शिवी होती.

गोळी कोल्हापूरहून यायची.
त्या आठवड्यात कोगनोळीला बस अडल्या,
कुठल्या बाजूनं ते विचारू नका.
डबी चार दिवस पलीकडे.
डॉक्टरनं कपाटातून एक बाटली काढली,
आत नऊ गोळ्या, वर दुसऱ्याच कुत्र्याचं नाव: मुत्तू.
मी नुसता बघत राहिलो.
"म्हातारा होऊन गेला," ती म्हणाली. "सात वर्षं घेत होता."
पैसे घेतले नाहीत.

अर्धी सकाळी, अर्धी रात्री, कायमची.
मला बाहेरगावी जायचं असेल
तर आदल्या दिवशी पांढरी जास्तीची.
मी तारीख लिहितो, सावक्का गोळी भाकरीत दाबते.
रिकामी बाटली अजून टाकली नाही,
सुतळीच्या खिळ्याला टांगलीय.

काल रात्री लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
अंधारात चपचप आवाज,
कवड्या पातेल्यातलं पाणी पीत होता.
मी घोट मोजत होतो.
पलीकडच्या खोलीतून सावक्का म्हणाली, "अठरा."
माझे सतरा झाले होते.